अंथरुणातले दिवस मोजायला हवेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उतारवयातील स्नायूंच्या झिजेवर अलीकडे वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते, याचे आम्हाला समाधान आहे. मात्र त्यातला बराचसा मजकूर एका वाक्यात मावतो: वय झाले की अंगावरचे मांस उतरते, तेव्हा प्रथिने खा आणि रोज चाला. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. झिजेला सर्वांत जास्त वेग देणारी आणि बरीचशी टाळता येण्याजोगी गोष्ट त्यात येतच नाही. ती म्हणजे अंथरुणात काढलेले दिवस. त्याविषयी सविस्तर आणि बाकी कारणांविषयी आवश्यक तेवढे लिहीत आहोत.

तिशीनंतर दर दशकात 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हा आकडा सर्वत्र दिला जातो. तो अनेकांची सरासरी आहे. सरासरी काढली की आलेख गुळगुळीत उताराचा दिसतो. एकेका माणसाची झीज मात्र तशी होत नाही. वर्ष-दोन वर्षे सगळे ठीक चालते. मग न्यूमोनिया होतो, खुब्याचे हाड मोडते किंवा एखादी शस्त्रक्रिया होते, आणि दोन आठवड्यांत माणूस एकदम काही पायऱ्या खाली येतो. तरुण माणूस महिन्याभरात पुन्हा वर चढतो. म्हातारा अर्ध्यावर थांबतो आणि पुढचे आजारपण त्याला त्या अर्ध्यावरूनच खाली नेते.

हे किती झपाट्याने होते, ते 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना 10 दिवस पूर्ण अंथरुणात ठेवले. त्यांना ताप नव्हता, जखम नव्हती, रोज वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम प्रथिने मिळत होती. तरीही 10 दिवसांत दोन्ही पायांतले मिळून सुमारे एक किलो चरबीविरहित, म्हणजे मुख्यतः स्नायूंचे, वजन गेले. खऱ्या आजारात याच्या जोडीला शरीरातला दाह, कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक आणि मेलेली भूक येते, म्हणजे तिथे नुकसान याहून कमी होण्याचे कारण नाही. पूर्ण पडून राहण्याचीही गरज नसते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात वृद्धांची रोजची पावले फक्त दोन आठवड्यांसाठी सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी केली. पायांचे स्नायू जवळपास 4 टक्क्यांनी घटले आणि जेवणानंतर स्नायूंत नवी प्रथिने बनण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. मुरगळलेला घोटा, घराबाहेर पडू न देणारे हवामान, जिन्यावरून उतरायची भीती, एवढ्याशाने पावले इतकी कमी होतात.

यामागची यंत्रणा समजून घेतली तर उपायही समजतात. स्नायूंतली प्रथिने सतत मोडत असतात आणि सतत नव्याने बांधली जात असतात. बांधणी सुरू करणारे इशारे मुख्यतः दोन: स्नायूवर पडलेला भार आणि प्रथिने पचून रक्तात आलेली अमिनो आम्ले. वय वाढते तसा स्नायू या दोन्ही इशाऱ्यांना कमी दाद देतो. तरुणाला एका जेवणात वजनाच्या किलोमागे साधारण 0.24 ग्रॅम प्रथिने मिळाली की बांधणी पूर्ण वेगाने होते. वृद्धाला त्यासाठी 0.4 ग्रॅमच्या आसपास लागतात. भारच काढून घेतला, तर आधीच मंद झालेला प्रतिसाद आणखी मंदावतो. मग खाल्लेले अन्न पोटात जाते, पण मांडीपर्यंत त्याचा उपयोग पोहोचत नाही. आधी जातात ते उभे राहताना शरीर तोलून धरणारे स्नायू, म्हणजे मांडीचा पुढचा भाग, नितंब आणि पोटरी. हातांचे स्नायू त्या मानाने टिकतात. म्हणूनच हात मिळवताना पकड चांगली वाटणारा माणूस कमोडवरून उठताना मात्र आधार शोधतो.

दुसरी झीज मज्जातंतूंची आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी लिहिले जाते. साठीनंतर पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात. एक पेशी गेली की तिच्या ताब्यातले स्नायुतंतू पोरके होतात. काहींना शेजारची पेशी दत्तक घेते, उरलेले वाळून जातात. यात जास्त नुकसान होते ते जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे. ठेच लागल्यावर क्षणार्धात पाय पुढे टाकून तोल सावरायचे काम याच तंतूंचे असते. त्यामुळे सपाट रस्त्यावर तासभर चालणारी व्यक्तीही उंबरठ्यावर अडखळून पडू शकते. सत्तरीतल्या माणसांचा काही वर्षे मागोवा घेतलेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत ताकद घटण्याचा वेग स्नायूंचे आकारमान घटण्याच्या वेगापेक्षा सुमारे तिप्पट आढळला. मांडी जाडजूड दिसते म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. स्नायूंच्या आत चरबी साठली तरी बाहेरून घेर तेवढाच राहतो.

या स्थितीला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. आज तिचे निदान आधी ताकदीवरून आणि मग स्नायूंच्या मोजमापावरून करतात, ते वर सांगितलेल्या कारणामुळेच. नावाचा फायदा असा की हा निव्वळ 'वयाचा परिणाम' न राहता नोंद करण्याजोगा आजार ठरला. तोटा असा की नाव मिळाले की लोक गोळी मागतात. केवळ सार्कोपेनियासाठी मान्यता मिळालेले औषध आजवर नाही.

बाकीची कारणे थोडक्यात. मधुमेह, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयाची पंप करण्याची क्षमता घटणे, मूत्रपिंड व यकृताचे जुने आजार, कर्करोग आणि सांधेदुखी या सर्वांत स्नायू झपाट्याने झिजतात. दाह, कमी हालचाल आणि कमी भूक ही त्यांतली सामाईक साखळी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन उतरते, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरते, त्यांचाही वाटा आहे. धूम्रपान आणि मद्य यांचाही आहे. कवळी नीट न बसणे, गिळताना ठसका लागणे, नैराश्य आणि एकट्याने जेवावे लागणे ही कारणे वैद्यकीय कागदांवर क्वचितच उतरतात. वजन उतरू लागले की तपासण्यांची यादी मागण्याआधी तोंड उघडून दात पाहावेत, असे आमचे मत आहे.

औषधांबाबत थोडे अधिक लिहायला हवे. तोंडाने दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड नेमके जलद तंतूच पातळ करतात. जिना चढणे जड जाते, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. थायरॉइडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी स्नायू झिजतात. झोपेच्या व गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी माणूस दिवसा पेंगतो, चालणे कमी होते आणि पडण्याचा धोका वाढतो. यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये, स्टेरॉइड तर मुळीच नाही. डॉक्टरांना 'याने पायांतली ताकद जाते आहे का?' एवढे विचारावे. वजन उतरवणाऱ्या जीएलपी-1 गटातल्या इंजेक्शनांबाबतही हेच. कोणत्याही मार्गाने वजन झपाट्याने घटवले की घटलेल्या वजनातला एक चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा चरबीविरहित ऊतींचा असू शकतो. पुढे वजन परत आले, तर ते बहुतांशी चरबीच्या रूपाने येते. 2017 मध्ये लठ्ठ वृद्धांवर प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार घटवून फक्त चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन 5 टक्क्यांनी घटले, भाराचा (वजन उचलण्याचा) व्यायाम करणाऱ्यांचे 2 टक्क्यांनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे 3 टक्क्यांनी. साठीनंतर वजन कमी करायचेच असेल, तर भाराच्या व्यायामाशिवाय करू नये.

आता जेवण. निरोगी वृद्धासाठी दिवसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने, आजारपणात किंवा त्यातून उठताना 1.2 ते 1.5 ग्रॅम, असा तज्ज्ञगटांचा सल्ला आहे. 60 किलो वजनाच्या व्यक्तीला म्हणजे दिवसाला 60 ते 72 ग्रॅम आणि एका मुख्य जेवणात सुमारे 24 ग्रॅम. दिवसाची बेरीज जुळूनही फायदा होत नाही तेव्हा वाटपात चूक असते: सकाळी 6 ग्रॅम, दुपारी 14 आणि रात्री 40. सकाळचे जेवण सुधारले की बहुतेकांचे गणित बसते. मोजताना होणारी नेहमीची चूक म्हणजे पदार्थाचे वजन आणि प्रथिनांचे वजन एकच समजणे. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पाव लिटर दुधात 8, शिजलेल्या घट्ट डाळीच्या 100 ग्रॅममध्ये 8 च्या आसपास आणि शिजलेल्या माशाच्या 100 ग्रॅममध्ये 20 हून थोडी जास्त प्रथिने असतात. डाळीत पाणी वाढले की आकडा निम्म्यावर येतो. एकूण खाणेच अपुरे असेल, तर ही प्रथिने इंधन म्हणून जळून जातात. म्हणून भूक नसलेल्या माणसाला नुसती प्रथिनांची पावडर देऊन भागत नाही, तेल-तूप आणि पिष्टमय पदार्थही लागतात.

मूत्रपिंड बरेच निकामी झाले असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. इथे एक खाच आहे. मूत्रपिंडाचे काम जोखायला मोजले जाणारे रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंतून येते. स्नायूच उरले नसतील तर क्रिएटिनिन कमी दिसते आणि मूत्रपिंड आहे त्याहून चांगले असल्याचा भास होतो. त्या भरवशावर दिलेले औषधांचे डोसही चुकू शकतात. अंगाने अगदी वाळलेल्या रुग्णात सिस्टॅटिन-सी ही रक्तचाचणी अधिक विश्वासार्ह ठरते.

ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असेल तर मांड्या दुबळ्या होतात आणि ती भरून काढल्यावर फरक पडतो. कमतरता नसताना मोठे डोस घेऊन ताकद वाढत नाही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिटचा डोस दिला, तर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले.

घरच्या घरी ताकद मोजता येते आणि ती मोजावी. हत्ते नसलेली, सुमारे 45 सेंटिमीटर उंचीची टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून पाच वेळा, जमेल तेवढ्या वेगाने, पूर्ण ताठ उभे राहायचे आणि पूर्ण बसायचे. बसलेल्या स्थितीत घड्याळ सुरू करून पाचव्यांदा ताठ उभे राहताच थांबवायचे. सार्कोपेनियावरील आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा अधिक लागले तर क्षमता कमी समजावी. युरोपीय निकष 15 सेकंदांहून जास्त असा आहे. मऊ सोफ्यावर, चाके असलेल्या खुर्चीवर किंवा गुडघ्यांवर हात टेकवून घेतलेली चाचणी ग्राह्य नाही. पहिल्यांदा करताना शेजारी कोणीतरी उभे असावे. हातांशिवाय एकदाही उठता येत नसेल तर सेकंद मोजायची गरजच नाही, उत्तर मिळाले.

पोटरीचा घेरही पाहावा. बसून, गुडघा काटकोनात ठेवून, पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती टेप कातडी न दाबता गुंडाळायचा. त्याच निकषांनुसार पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर पुढील तपासणी करून घ्यावी. पायांवर सूज असेल तर हा आकडा फसवतो, लठ्ठपणातही फसवतो. चालण्याचा वेग मोजायचा तर 6 मीटर अंतर नेहमीच्या चालीने, आधी आणि नंतर एक-दोन मीटर मोकळे सोडून चालावे; 6 सेकंदांहून जास्त लागले तर वेग कमी आहे. डॉक्टरांकडे मुठीची पकड मोजतात, तेव्हा त्याच निकषांनुसार पुरुषांत 28 किलोपेक्षा आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी पकड म्हणजे दुबळेपणा.

चालणे हृदयासाठी उत्तम, पण जलद तंतूंना जागे करायला ते पुरत नाही. त्यांना भार लागतो. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धसंस्थेतल्या नव्वदीच्या घरातल्या रहिवाशांनी 8 आठवडे पायांनी जड वजन उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. चार वर्षांनी तिथल्याच संशोधकांनी 100 अशक्त वृद्धांवर मोठी चाचणी प्रसिद्ध केली. तीत नुसते पोषक पेय दिलेल्यांना ताकदीत लाभ झाला नाही, व्यायाम करणाऱ्यांना झाला. प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती पाहताना हा निष्कर्ष आठवावा.

सुरुवात खुर्चीपासूनच करावी. उठता येत नसेल तर बैठकीवर टणक गादी ठेवून उंची वाढवा, दोन्ही हातांचा आधार घ्या. मग एक हात, मग हात नाही. मग छातीशी एक किलोची पिशवी. पावले खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे असावीत. पाय पुढे पसरले की उठताना कमरेला हिसका बसतो. उठताना वेगाने, श्वास सोडत. बसताना तीन मोजत. खुर्चीत धपकन पडणे म्हणजे अर्धा व्यायाम वाया घालवणे. 8 ते 12 वेळा, मग मिनिट-दोन मिनिटे विसावा, अशा दोन ते तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. फेरी संपताना 'आणखी फार तर दोनदा जमेल' असे वाटले पाहिजे. सहज 12 होऊ लागले की भार वाढवायचा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, 15 ते 20 सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतर करणे आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणे हे त्यासोबत घ्यावे. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो, तेवढे सांभाळावे. छातीत दुखणे, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब, ताजे हाड मोडणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, कारण आरशात काही दिसत नाही. पहिले काही आठवडे मेंदू आणि मज्जातंतू असलेल्या स्नायूंनाच नीट कामाला लावायला शिकत असतात. ताकद तेव्हाच वाढते, घेर मात्र दोन-तीन महिन्यांनी. दुसरी चूक याच्या उलट: महिनोन्महिने तेच वजन, त्याच फेऱ्या. तिथे स्नायूला वाढायचे कारणच उरत नाही.

आता पुन्हा अंथरुणाकडे. 'आराम करा' हे वैद्यकीय सल्ल्यातले सर्वांत ढिले वाक्य आहे. मनगट मोडले तर आराम मनगटाला हवा, पायांना नव्हे. रुग्णालयात बेडपॅन, गरज संपूनही तसाच राहिलेला लघवीचा कॅथेटर आणि दिवसभर जोडलेली सलाइनची नळी माणसाला पलंगाला बांधून ठेवतात. घरी हेच काम प्रेम करते: 'बसून राहा, मी आणते.' डॉक्टरांची हरकत नसेल तर तिन्ही जेवणे पलंगाबाहेर खुर्चीत बसून व्हावीत, शौचाला धरून का होईना चालत जावे आणि जागेपणी दर तासाला दोन-चार वेळा उभे राहावे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आधी पाय खाली सोडून दोन मिनिटे बसावे. उठणे खरोखरच शक्य नसेल तेव्हा पडल्या पडल्या घोटे वर-खाली करणे, मांडी आवळून पाच मोजणे आणि गुडघे दुमडून कंबर उचलणे एवढे तरी दिवसातून चार-पाच वेळा करावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हातात असलेले आठवडे नुसती वाट पाहण्यात न घालवता खुर्चीच्या व्यायामाला द्यावेत. जितक्या वरून घसरण सुरू होईल, तितके बरे.

शेवटी डॉक्टरमंडळींकडे एक मागणी, जी आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी. साठीपुढच्या रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या यादीखाली आणखी तीन नोंदी असाव्यात: किती दिवस अंथरुणात गेले, आज खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले आणि हीच चाचणी पुन्हा कोणत्या तारखेला घ्यायची. ती तारीख सहा आठवड्यांच्या आतली असावी.

आपले,
वृद्धांच्या पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट व आहारतज्ज्ञ